वर्गामागची खोली

१

नळाशी भांडल्याशिवाय खारूचा दिवस सुरू होत नसे. न्हाणीघरातला तो नळ आधी खोकायचा, मग गुरगुरायचा, मग मनात आलं तर पाणी सोडायचा, आणि तोवर खारू आतून त्याला फैलावर घ्यायची. "झोप झाली का साहेब? की चहा आत पाठवू?" बाहेर सर तोंडाला साबण लावून, दाढीचा ब्रश हातात धरून ताटकळत उभे असायचे. वरवर कुरकुरायचे, पण ते भांडण ऐकल्याशिवाय त्यांनाही चैन पडत नसे.

कॉलेजात त्यांना सर म्हणत, वाण्याकडे सर म्हणत, आणि बायको चिडली की तीही सर म्हणे. बायको पोस्टात खिडकीवर बसायची. खारू ही एकुलती एक लेक. लहानपणी गालात घास साठवून घरभर हिंडायची, म्हणून खारूताई, आणि पुढे नुसती खारू. आता ती एका कानाच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांच्या कानांवर हेडफोन चढवून "आवाज आला की बटण दाबा" एवढंच सांगायचं, त्यामुळे उरलेली सगळी बडबड ती घरी आणायची. तिच्या तोंडाला कुलूप नाही, असं आई म्हणायची आणि स्वतःच हसायची.

त्या मंगळवारी नळ खोकला, गुरगुरला आणि पाणी सुरू झालं. आतून एक शब्द आला नाही.

सर थोडा वेळ थांबले. मग त्यांनी दारावर टकटक केलं. "खारू, बरी आहेस ना?"

"हो. बरी आहे."

एवढंच. पुन्हा पाण्याचा आवाज. सर आरशासमोर गेले आणि गालावरचा साबण वाळलाय हे त्यांच्या लक्षात आलं. पोरीचं कुणाशी तरी बिनसलं असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

२

सर तत्त्वज्ञान शिकवत. त्यातही नीतिशास्त्र, आणि नीतिशास्त्रातही भीती. प्रश्न साधा होता. रचलेल्या माणसाचे हाल आपण चवीने बघतो, भितो, आणखी मागतो. यात कुणाचं काही वाईट होतं का? सरांचं उत्तर ठाम होतं. जो नाही, त्याला इजा होत नाही. या एका वाक्यावर त्यांनी परिषदा गाजवल्या होत्या आणि आता जाडजूड पुस्तक लिहायला घेतलं होतं.

हे वाक्य पटवायला त्यांनी वर्गात एक प्रयोग बसवला होता. वीसेक वर्षं तो चालू होता आणि त्यासाठीच मुलं हा विषय घेत. व्यासपीठाच्या मागे, फळ्याच्या कडेला, एक छोटं दार होतं. पलीकडे अडगळीची खोली. पहिल्या दिवशी सर त्या दारावर थाप मारून म्हणायचे, "आत कुणीतरी आहे. नाव नाही, चेहरा नाही, वय नाही. ते ठरवायचंही नाही. आपण फक्त त्याचे हाल करायचे." मग दर तासाला एकाने उठून एक ओळ बोलायची. दार आतून उघडत नाही. दिवा गेलाय. भिंत जवळ सरकतेय. बोललेली ओळ परत घ्यायची नाही, हा नियम सरांचाच. आयुष्यात केलेलं परत घेता येतं का, असं ते विचारायचे. शेवटची ओळ सरांची असे, पण ती ते राखून ठेवत. शेवटच्या तासाला ते नुसतं विचारायचे, "आपण काही गुन्हा केला का?" सगळे हसून नाही म्हणायचे आणि सुट्टीवर जायचे. आतला तसाच राहायचा. त्याचं पुढे काय झालं, हे कुणीच कधी विचारलं नाही.

यंदा मात्र वर्ग पेंगत होता. ओळी यायच्या, पडायच्या, कुणी मान वर करत नव्हतं. विषय बंद करायच्या गोष्टी विभागप्रमुखांच्या तोंडून कानावर येत होत्या. त्यात प्रकाशनाच्या संपादकबाईंनी पुस्तकाची पहिली प्रकरणं वाचून तोंडावर सांगितलं होतं, "सर, राग मानू नका, पण तुमचा आतला माणूस पुठ्ठ्याचा आहे. त्याला जाळा नाहीतर बुडवा, मला पान उलटावंसं वाटतं. त्याला काहीतरी द्या."

मग त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सरांनी त्याला काहीतरी दिलं. आत एक नळ आहे, ते म्हणाले, आणि आतली व्यक्ती रोज सकाळी त्या नळाशी भांडते. साहेब, झोप झाली का? की चहा आत पाठवू? सरांनी आवाज काढून दाखवला, तो त्यांना चांगला यायचा. वर्ग खळखळून हसला. लगेच पुढच्या बाकावरचा एक जण उठला आणि म्हणाला, "तो नळ आता कायमचा बंद झालाय. ती तरीही रोज त्याच्याशी बोलते." कुणी हसलं नाही. कुणी हललंही नाही. वर्ग असा जागा झालेला सरांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि घरी जाताना त्यांना शीळ घालावीशी वाटत होती.

हे कुणाकडून उचललं, ते सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

३

एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली असं होत नाही. हे सर पहिल्या वर्षाच्या पोरांना घोकून घेत. त्यामुळे खारू मंगळवारी गप्प होती, बुधवारी गप्प होती, गुरुवारी नळाला एका अक्षराने बोलली नाही, याचा त्यांनी वर्गाशी संबंध लावला नाही. किंवा लावला आणि लगेच पुसून टाकला. पुढच्या तासाला त्यांनी आणखी दोन गोष्टी दिल्या. एक, आतली खोटं बोलायच्या आधी घसा खाकरते. दोन, तिच्या डाव्या हाताची करंगळी पेरापासून बाहेरच्या बाजूला वाकलेली आहे, लहानपणी कपाटाच्या दारात सापडल्यामुळे.

आपण पडताळा पाहतोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे वर्ग आ वासून बसला होता, आणि आ वासलेल्या वर्गाला उपाशी ठेवणं सरांच्या जिवावर आलं.

त्याच संध्याकाळी जेवताना खारूने पाण्याचा जग उचलून आईच्या पेल्यात पाणी ओतलं. आई तिच्या हाताकडे बघत राहिली. पेला भरला, काठावरून पाणी ताटात उतरलं, तरी ती बघतच होती.

"अहो," ती म्हणाली. "हिची करंगळी बघा."

सरांनी पाहिली. सरळ होती. कुणाच्याही हाताला असते तशी.

"वाकडी होती," आई म्हणाली. "मीच लावलं होतं ना कपाट. हिने हात घातलाय ते बघितलंच नाही. दोनदा प्लास्टर घातलं, तरी वाकडीच राहिली. खारू, दाखव गं."

खारूने हात पुढे केला. स्वतःही पाहिला. "सरळच तर आहे, आई," ती म्हणाली, आणि जेवायला लागली. तिने घसा खाकरला नाही. ती खोटं बोलत नव्हती.

आईने ताटावरून उठून स्वयंपाकघराची वाट धरली. सर मागोमाग गेले. ती ओट्याला टेकून उभी होती.

"तुम्ही तिकडे काही केलंत का?" तिने विचारलं. "तुमच्या त्या वर्गात, त्या खोलीचं?"

"खोलीचं काय करणार? खोली आहे ती."

"हिच्याबद्दल काही बोललात का तिथे? खरं सांगा. आठवडाभर पोर पाहुण्यासारखी वागतेय. आज मला म्हणाली, मीठ दिलंत तर बरं होईल. मला. दिलंत."

"काही बोललो नाही," सर म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्यापासून एखाद-दुसरी सिगारेट सोडली तर काही लपवलं नव्हतं. तिने विश्वास ठेवला. पदराने तोंड पुसलं आणि उद्या खारूला डॉक्टरकडे नेते म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी, कॉलेज पांगल्यावर, सरांनी विभागाच्या खणातून किल्ली काढली आणि मागचं दार उघडलं. हे का करताय, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. सुदैवाने कुणी नव्हतं.

खोलीत अडगळच होती. पाय मोडलेल्या खुर्च्या, गुंडाळलेले नकाशे, फाटक्या कापडाचा सूचनाफलक. कोपऱ्यात भिंतीला एक बेसिन होतं, कधीकाळी इथे प्रयोगशाळा होती तेव्हाचं. बेसिनवर नळ होता. सरांनी पिळून पाहिला. कोरडा. खाली पाइप तोडून त्याच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती, म्हणजे पाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना हायसं वाटलं.

दिवा लागेना, म्हणून त्यांनी बल्ब घट्ट करायला हात वर केला आणि झटकन खाली घेतला. बोटं भाजली होती.

सर तिथेच अंधारात उभे राहिले. कुणीतरी नुकताच दिवा लावला असेल आणि बल्ब उडाला असेल. शिपाई असेल. सफाईवाली असेल. पण किल्ली एकच होती आणि ती त्यांच्या हातात होती. बरं, किल्ली एकच आहे हे तरी कुठे नक्की? सर असे एकेक कारण काढून लावत गेले, आणि तोवर डोळ्यांना अंधाराची सवय झाली. सगळ्या खुर्च्या एकावर एक ढीग घालून पडल्या होत्या. एक तेवढी सरळ मांडलेली होती, दाराकडे तोंड करून.

"कोण आहे?" ते म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना लाज वाटली.

बाहेर येऊन त्यांनी दार लावलं आणि कुलूप घातलं. मग ओढून पाहिलं. पुन्हा ओढून पाहिलं. आत कुणी नाही तर कुलूप इतकं पारखून कशाला बघायचं, हा विचार त्यांना जिन्यावर आला. ते परत फिरले नाहीत.

५

डॉक्टरांना खारूमध्ये काही सापडलं नाही. वजन ठीक, रक्त ठीक. उलट मुलगी फार समजूतदार आहे म्हणाले.

त्या आठवड्याच्या तासाला सर मनाशी ठरवून गेले. व्यासपीठावर चढून त्यांनी घसा साफ केला आणि सांगून टाकलं की आपण आतल्या व्यक्तीला जे तपशील दिले, नळ, करंगळी, घसा, ते मागे घेत आहोत. प्रयोग भरकटतोय. पुन्हा पहिल्यासारखं, बिनचेहऱ्याचं ठेवू या.

वर्गात कुजबुज झाली. दुसऱ्या बाकावर एक चष्मेवाली बसायची. हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला ठाऊकही होतं. ती उठली.

"सर, बोललेलं परत घ्यायचं नाही. तुमचाच नियम आहे."

"आहे. पण एखादा अपवाद—"

"अपवाद कुणासाठी करायचा, सर? जी नाही तिच्यासाठी?" ती हसली. चेष्टेने नाही, सरांचाच धडा आपल्याला पाठ आहे या आनंदाने. "आपण मागे घेतलं तर आत कुणीतरी आहे असं आपण मान्य केल्यासारखं होईल ना? मग तुमचं पहिलं प्रकरणच कोसळतं."

सगळा वर्ग सरांकडे बघत होता. बरोबर तर बोलत होती पोरगी. तिच्या जागी सर असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. "माझ्या लेकीची करंगळी सरळ झाली" हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. ते या मुलांसमोर, या व्यासपीठावरून म्हटलं तर कसं ऐकू येईल, हे त्यांनी मनातल्या मनात ऐकून पाहिलं. उद्या ते विभागप्रमुखांच्या खोलीत चहाबरोबर चघळलं जाईल, हेही ऐकू आलं.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "नियम तो नियम. आज ओळ कुणाची?"

"माझीच," चष्मेवाली म्हणाली. ती जराशी थांबली. "आतलीच्या घरी, तिच्या जागी, दुसरीच कुणीतरी जेवायला बसते. आणि घरच्यांना फरक कळत नाही."

एक मुलगी तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मागच्या बाकावरचा कुणीतरी "बाप रे" म्हणाला.

इथे सरांचा राग येतो, पण झालं ते सांगायला हवं. ही ओळ खारूची आहे हे त्यांना कळलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या तोंडून निघालं, "वा." वीस वर्षांत कुणी इतकी अचूक ओळ दिली नव्हती. हिच्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील, हे त्यांना लख्ख दिसलं.

६

घरी दार उघडलं तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. बायको हसत होती. खूप दिवसांनी.

"या," ती म्हणाली. "आज आम्ही मायलेकींनी सगळं घर आवरलं. किती गुणाची आहे माझी पोर."

खारू टेबलाशी बसून रुमालांच्या घड्या घालत होती. प्रत्येक घडी दुसरीइतकीच. तिने मान वर करून सरांकडे पाहिलं आणि हसली. हसू चांगलं होतं. फक्त ते सुरू कुठून झालं आणि संपलं कुठे, ते कळलं नाही.

सर बायकोला स्वयंपाकघरात घेऊन गेले. "डॉक्टर करंगळीबद्दल काय म्हणाले?"

"कुणाच्या करंगळीबद्दल?"

"खारूच्या. वाकडी होती ती. तू कपाट लावलंस तेव्हा—"

बायको त्यांच्याकडे टक लावून बघायला लागली. मग तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "मी माझ्या पोरीचा हात कपाटात चेंगरेन? काहीतरीच काय बोलता हो. पुस्तक पुरे झालं आता. जरा झोप काढा."

म्हणजे घरच्यांना फरक कळत नव्हता. सरांना कळत होता, कारण ओळ दिली गेली तेव्हा ते घरचे नव्हते, वर्गाचे होते. हा न्याय त्यांना चोख वाटला.

जेवताना त्यांनी तिची परीक्षा घेतली. शाळेतल्या मैत्रिणीचं नाव, पहिल्या सायकलचा रंग, आजीच्या घराचा जिना. तिने सगळं बरोबर सांगितलं. पण सांगून झालं की ती थांबायची, पुढचा प्रश्न येईल म्हणून. स्वतःहून तिने काही विचारलं नाही. दवाखान्यात आज कोण आलं, कोण बटण दाबायचं विसरलं, कुठले आजोबा हेडफोनमधला आवाज बंद झाल्यावरही बटण दाबत राहिले, काही नाही. सगळं जेवण भांड्यांच्या आवाजात झालं, आणि बायको मधेमधे समाधानाने लेकीच्या ताटात वाढत होती.

त्या रात्री सरांनी अंथरुणावर पडून एक गोष्ट पक्की केली. शेवटची ओळ त्यांची होती. दार उघडतं आणि ती घरी येते. बोललं की झालं. बोललेलं कुणी परत घेऊ शकत नाही, हा नियम आता त्यांच्या कामाचा होता. जो नाही त्याला इजा होत नाही, हे स्वतःचं वाक्य आयुष्यात प्रथमच त्यांना खोटं पाडायचं होतं, आणि ते त्याला तयार होते.

७

शेवटच्या तासाला वर्ग ओसंडून वाहत होता. या प्रयोगाचा बोलबाला झाला होता. विभागप्रमुख पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्या शेजारी संपादकबाई. "शेवट ऐकायला आलेय," त्या म्हणाल्या. "पुस्तकाचा शेवटही तोच ठेवू."

सर व्यासपीठावर उभे राहिले. टेबल पुढे, दार मागे. भर दुपार होती, खिडक्यांतून ऊन बाकांवर पडलं होतं.

"शेवटची ओळ माझी," ते म्हणाले. "यंदा मी ती बोलणार आहे."

तेवढ्यात मागून नळ खोकला.

सगळ्यांनी ऐकलं. नळ खोकला, मग गुरगुरला, मग नुसती हवा सुटल्याचा कोरडा आवाज येत राहिला. आणि त्या आवाजातून खारू बोलली. आवाज बसलेला होता, पण तिचाच.

"झोप झाली का साहेब?"

वर्गात कुणीतरी घाबरून हसलं. संपादकबाई पुढे सरसावून बसल्या. विभागप्रमुखांनी हाताची घडी सोडली. आत स्पीकर ठेवलाय, असं मागच्या बाकावर कुणी पुटपुटलं, आणि ते सगळ्यांना पटलं. आवाज बदलायची सरांची हातोटी ठाऊक नसलेलं कोण होतं?

"बाबा," आतून आवाज आला. "बाबा, तुम्ही बाहेर आहात ना? मला ऐकू येतंय तुमचं. रोज ऐकू येतं."

सर वळले आणि दारापाशी उतरले. दाराच्या खाली बोटभर फट होती. व्यासपीठ आणि टेबल मधे असल्यामुळे ती वर्गाला दिसत नव्हती, त्यांना एकट्यांना दिसत होती. त्या फटीतून बोटं बाहेर आली. एक करंगळी पेरापासून बाहेर वाकलेली. त्यांनी तोंड उघडलं. दार उघडतं, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते.

मग तिच्या बोटांशेजारी आणखी बोटं आली.

आधी एका हाताची, मग फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दाटीवाटीने. त्यांना नखं नव्हती. पेरं नव्हती, रेषा नव्हत्या. मळून ठेवलेल्या कणकेसारखी ती बोटं फरशीवर चाचपडत पुढे येत होती. कुणी त्यांना नखं दिलीच नव्हती. नाव नाही, चेहरा नाही, वय नाही. दर वर्षी एक. दिवा गेलेला, भिंत सरकलेली, दार आतून न उघडणारं, आणि बाहेर सगळे हसून सुट्टीवर गेलेले. त्या बोटांना खारूची बोटं सापडली. ती तिच्यावर चढली, तिला धरून ठेवून पुढे सरकली, आणि दार चौकटीत हललं.

"बाबा, लवकर उघडा," खारू म्हणाली. "हे सगळे उठलेत."

"सर?" चष्मेवाली उभी राहिली होती. तिचा चेहरा उत्सुकतेने फुलला होता. "सर, आत कुणी आहे का?"

दार उघडतं म्हटलं तर ते सगळ्यांनाच उघडणार होतं. फक्त एकीला उघडेल असं दार नसतं. सरांना हे कळलं, आणि ते आयुष्यभर ज्या विषयावर बोलत आले तो विषय त्यांच्या पायापर्यंत येऊन पोचला होता. त्यातलं एक बोट त्यांच्या बुटाला लागलं. ते मऊ आणि कोमट होतं.

"नाही," सर ओरडले. "आत कुणी नाही."

आतला आवाज "बा" म्हणाला आणि तिथेच थांबला.

सरांनी खाली पाहिलं. बोटं मागे गेली नव्हती. ती नुसती नव्हती. फटीखाली फरशी होती आणि तिच्यावर धूळ होती, कुणाचाही हात न लागलेली.

वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. विभागप्रमुख उभे राहून टाळ्या वाजवत होते. संपादकबाईंनी डोळे टिपले. "ही शेवटची ओळ ना सर?" चष्मेवालीने टाळ्यांच्या वरून विचारलं. "हीच धरायची?"

बोललेलं परत घ्यायचं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

८

घरी ती टेबलाशी बसली होती. बायको शेजारी काही कामाला गेली होती. संध्याकाळचा उजेड अजून खिडकीत होता.

सर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. ती त्यांच्याकडे बघत होती, पाठ ताठ, हात मांडीवर. थकला असाल, चहा करू का, असं तिने विचारलं. सरांनी नको म्हणून मान हलवली.

"खारू," ते म्हणाले. "काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. तुला वाटेल ते. नेहमी बोलतेस तसं."

तिने विचार केला. तिच्या कपाळावर आठी पडली नाही, डोळे कुठे वळले नाहीत, तरी ती विचार करत होती हे सरांना समजलं. मग ती थोडी पुढे झुकली, चांगल्या विद्यार्थिनीसारखी.

"मी कशी बोलायचे ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तशी बोलते. मला सगळं जमेल."

सरांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. सांगतो, ते म्हणाले. सगळं सांगतो. तू सकाळी उठायचीस, आणि उठलीस की सगळ्यात आधी—

ती ऐकत होती. वाट पाहत होती. सर त्या वाक्याच्या पुढे स्वतःच्या आठवणीत कितीतरी वेळ शोधत राहिले. आत कुणी नव्हतं.